ड्राफ्टआधी वेगवेगळ्या देशांचे तरुण गोलकीपर कसे पारखायचे

ड्राफ्ट म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगचे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. त्यात सगळ्यात अवघड अंदाज गोलकीपरचा. स्वीडनचा हेन्रिक लुंडक्विस्ट २००० साली २०५व्या क्रमांकावर निवडला गेला, फिनलंडचा पेक्का रिन्ने २००४ साली २५८व्या. वर्षातल्या सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी पुढे दोघांनीही मिळवली. रशियाच्या सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. मी टोरोंटोजवळ राहते आणि हिवाळाभर ज्युनिअर सामने बघते. दर जूनमध्ये इथली मराठी मंडळी विचारतात, ‘यंदा कुठला कीपर चांगला?’ त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहून ठेवतेय.

आधी जन्मतारीख बघा. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण होत असतील तर मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र, १६ तारखेला जन्मलेला थेट पुढच्या वर्षी. म्हणजे एकाच यादीतल्या दोघांच्या वयात जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी हे अंतर फार मोठं असतं. उंचीचा बाऊ मात्र करू नका. ५ फूट ११ इंचांचा यूसे सारोस २०१३ साली चौथ्या फेरीपर्यंत थांबला, डस्टिन वुल्फ २०१९ साली २१४व्या क्रमांकापर्यंत. दोघेही आज आपापल्या संघाचे पहिले कीपर आहेत.

सेव्ह टक्केवारी, म्हणजे आलेल्या शॉटपैकी किती अडवले तो आकडा, शेवटी बघायची, हा माझा ठाम नियम. एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही. गोलकीपर स्पेन्सर नाइट अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघात होता. २०१९च्या पहिल्या फेरीत त्या संघातले, त्याच्यासकट, आठ जण निवडले गेले. अशा संघात बहुतेक वेळ पक (खेळातली रबरी चकती) समोरच्याच्या अंगणात असतो. उलट बोब्रोव्स्की रशियातल्या नोव्होकुझनेत्स्कच्या कमकुवत संघात रोज मारा झेलत होता. दोघांचे आकडे एका तक्त्यात मांडणं हा दोघांवरही अन्याय आहे. शॉट कुठून आला, मधून आडवा पास होता का, समोर कुणी दृष्टी अडवून उभं होतं का, हे वहीत टिपा. दूरचे, सरळ दिसणारे शॉट सरळ वगळा. उरलेल्यांत तो काय करतो तेच मोजायचं.

रिंकचं मापही ध्यानात घ्या. इथलं मैदान ८५ फूट रुंद, युरोपात ते ३० मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ९८ फूट असू शकतं. रुंद बर्फावर आडवे पास जास्त, म्हणून तिकडचे बरेच कीपर गोलरेषेजवळ राहायला शिकतात. तो मागे उभा दिसला म्हणजे भित्रा आहे असं समजू नका. फिनलंडमध्ये तर उर्पो इलोनेनसारख्या प्रशिक्षकाने कीपर घडवण्याचं वेगळं शिक्षणच उभं केलं. गोलकीपर मिइक्का किप्रुसॉफ त्याच्याच हाताखाली तयार झाला. तिथला मुलगा अंगाने कच्चा असला तरी पायांची घडण बहुधा पक्की असते. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधल्या मुलाला गोलसमोरची गर्दी आणि धक्काबुक्की सवयीची असते. त्याच्या बाबतीत मी उलटं तपासते: पक झपाट्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की त्याचे पाय वेळेत पोचतात का?

आता पक गोलच्या मागे असताना काय बघायचं ते नीट सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच कळतं. कीपर एक गुडघा बर्फावर टेकतो, पोस्टकडचा पॅड आडवा लावतो, खांदा खांबाला चिकटवतो. खांदा आणि वरचा दांडा यांच्यात फट राहते का बघा. आजचे खेळाडू नेमका तिथे पक चढवतात. मग डोकं बघा. पक जाळीमागून दुसऱ्या बाजूला निघाला की चांगल्या कीपरचं डोकं आधी वळतं आणि शरीर मागून जातं. ज्याचं अंग आधी सरकतं आणि नजर मागाहून पोचते, तो पुढच्या पातळीवर हमखास उशिरा पोचणार. चांगला यष्टिरक्षक चेंडू ग्लोव्हजमध्ये शिरेपर्यंत नजर काढत नाही, तसंच हे. शेवटी तो कसा उठतो ते बघा. पक ज्या दिशेला गेला, त्याच्या उलट बाजूचा पाय आधी रोवून त्याने ढकललं, तर पायाभूत शिक्षण चांगलं झालंय.

रिबाउंडवर, म्हणजे अडवल्यावर उसळणाऱ्या पकवर, थोडक्यात: पक छातीवर मुरतो की समोर पडतो, आणि पॅडवरून कोपऱ्यात जातो की मधोमध, एवढं पुरे.

गोल खाल्ल्यानंतरची दोन मिनिटं सोडू नका. पाण्याची बाटली, मुखवटा नीट करणं, यातून काही ठरत नाही. पुढच्या शॉटला तो नेहमीच्याच जागी उभा आहे की घाबरून दोन पावलं मागे सरकलाय, हे ठरवतं.

रशियन मुलांसाठी एक वेगळा रकाना ठेवा: ‘येणार कधी?’ इगोर शेस्टर्किन आणि इल्या सोरोकिन दोघेही २०१४ साली निवडले गेले, पण पहिला २०१९ साली इकडे आला आणि दुसरा २०२० साली. गुणवत्तेत कमी नव्हतेच, पण ज्या संघाला तीन वर्षांत कीपर हवाय त्याच्या यादीत त्यांचं नाव खाली जाणारच. तुमची यादीही कुठल्या संघाच्या गरजेने बनवताय, ते आधी ठरवा.

एनएचएलचा स्काउटिंग (खेळाडू पारखणारा) विभागसुद्धा उत्तर अमेरिकेतल्या आणि बाहेरच्या कीपरांच्या वेगळ्या याद्या काढतो. तुम्हीही एप्रिलपर्यंत तसंच करा. एप्रिलमध्ये १८ वर्षांखालची जागतिक स्पर्धा असते. तिथे आलेले सगळे एकाच बर्फावर आणि सारख्याच दर्जाच्या नेमबाजांसमोर उभे राहतात. तेव्हा दोन्ही याद्या समोर घ्या, तेच तेच मुद्दे पुन्हा तपासा आणि मगच नावं एकत्र करा. जी नावं या स्पर्धेत खेळली नाहीत त्यांना खाली ढकलू नका. त्यांच्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह ठेवा आणि त्यांच्या लीगचे प्लेऑफ सामने मिळवून बघा.