क्लाउड फायरवॉल: पोर्ट उघडण्याआधी पॅकेट कुठे अडलं ते शोधा, आणि या चुका टाळा

क्लाउडमधले नको ते फायरवॉल रूल बहुतेक वेळा घाईत लिहिले जातात. अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही, ग्राहकांच्या तक्रारी येत असतात, आणि कुणीतरी सुचवतं, "तात्पुरतं सगळं उघडून बघू." सगळं उघडल्यावर अ‍ॅप्लिकेशन चालू होतं, पण का चालू झालं हे कुणालाच कळलेलं नसतं. त्यामुळे तो ०.०.०.०/० चा, म्हणजे कुठल्याही पत्त्याला आत घेणारा, रूल काढायची हिंमतही पुढे कुणाला होत नाही. अशा रूलची संख्या वाढत जाते आणि दोन-तीन वर्षांत ती यादी वाचूनही नेटवर्क कसं आहे ते समजत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की फायरवॉल नीट ठेवायची तर आधी निदान नीट करायला शिका. खाली ज्या चुका दिल्या आहेत त्यातल्या बऱ्याचशा मुळात निदानाच्याच आहेत.

"कनेक्ट होत नाही" एवढ्यावर रूल लिहिणं

कनेक्शन कसं फसतंय ते आधी बघा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला, तर पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या डेटाचा तुकडा, वाटेत गुपचूप टाकून दिलं गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. एडब्ल्यूएसचे सिक्युरिटी ग्रुप, अ‍ॅझ्युअरचे नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप आणि गूगल क्लाउडचे व्हीपीसी (क्लाउडमधलं खासगी नेटवर्क) रूल, म्हणजे त्या त्या क्लाउडच्या फायरवॉल, हे तिन्ही अडवलेल्या पॅकेटला कसलंही उत्तर देत नाहीत. मात्र "कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं, तर समोरून कुणीतरी नकार दिलेला आहे, म्हणजे बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोहोचलंय. तिथे सर्व्हिस बंद असेल, ती फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून येणाऱ्या कनेक्शनसाठी, ऐकत असेल, किंवा मशीनच्या आतली फायरवॉल रिजेक्ट करत असेल. अशा वेळी क्लाउडचा पोर्ट कितीही उघडा, फरक पडणार नाही.

तिसरं लक्षण जास्त फसवं असतं. कनेक्शन होतं, लहान उत्तरं येतात, पण मोठी फाइल किंवा टीएलएसचा हँडशेक (एन्क्रिप्टेड कनेक्शनची सुरुवातीची देवाणघेवाण) मध्येच लटकतो. इथे संशय आयसीएमपीवर, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलवर, घ्या. "सुरक्षेसाठी" आयसीएमपी सरसकट बंद केलं, की पॅकेट मोठं आहे, तुकडे करा असं सांगणारा संदेश, म्हणजे टाइप ३, कोड ४, पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. एडब्ल्यूएसच्या व्हीपीसीच्या आत एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००१ पर्यंत असू शकतो, गूगल क्लाउडमध्ये तो मुळात १४६० असतो, आणि मधल्या व्हीपीएन बोगद्यात आणखी थोडी जागा जाते. दोन क्लाउड जोडल्यावर हा त्रास हमखास दिसतो आणि त्याचं खापर पोर्टच्या रूलवर फोडलं जातं.

अंदाज बांधण्यापेक्षा साधनं वापरा. एडब्ल्यूएसचा रीचेबिलिटी अ‍ॅनलायझर, अ‍ॅझ्युअर नेटवर्क वॉचरमधलं आयपी फ्लो व्हेरिफाय आणि गूगल क्लाउडच्या कनेक्टिव्हिटी टेस्ट्स, ही तिन्ही साधनं वाट कुठे अडते ते दाखवतात. अ‍ॅझ्युअरचं साधन तर अडवणाऱ्या रूलचं नावच सांगतं. मशीनच्या आत यूएफडब्ल्यू, फायरवॉलडी (दोन्ही लिनक्सच्या फायरवॉल) किंवा विंडोजची स्वतःची फायरवॉल काय करतेय ते मात्र तुम्हालाच तपासावं लागेल. तिथे डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असेल तर जास्त काळजी घ्या. डॉकरने प्रकाशित केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या रूलना वळसा घालून उघडा राहतो, त्यामुळे "यूएफडब्ल्यूने बंद केलाय" या भरवशावर राहू नका.

एका क्लाउडची सवय दुसऱ्यात नेणं

एकाहून जास्त क्लाउड सांभाळणाऱ्या टीमची सगळ्यात महाग चूक हीच, असं मला वाटतं. तिन्हीकडे "रूल" म्हणतात, पण तो लागू होण्याची रीत वेगळी आहे.

एडब्ल्यूएसच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त परवानगी देता येते, नकार लिहिता येत नाही. रूलना क्रम नसतो, आणि एका मशीनला चार ग्रुप लावले तर चौघांच्या परवानग्यांची बेरीज लागू होते. म्हणजे काळजीपूर्वक आवळलेल्या ग्रुपच्या शेजारी कुणी एक सैल ग्रुप लावला, की सगळी मेहनत वाया. एखादा पत्ता अडवायचाच असेल तर सबनेटच्या (नेटवर्कच्या एका भागाच्या) नेटवर्क एसीएलमध्ये, म्हणजे परवानगी-नकारांच्या यादीत, जावं लागतं, आणि तिथले नियम पुन्हा निराळे: क्रमांक लहान तो आधी, जो पहिला जुळला तोच लागू.

शिवाय नेटवर्क एसीएल स्टेटलेस आहे, म्हणजे आधीचं कनेक्शन ती लक्षात ठेवत नाही. आत येणाऱ्या विनंतीला परवानगी दिली म्हणून तिच्या उत्तराला आपोआप बाहेर जाता येत नाही. उत्तर जातं ते क्लायंटच्या तात्पुरत्या पोर्टवर. लिनक्समध्ये हे पोर्ट साधारण ३२७६८ ते ६०९९९, आजच्या विंडोजमध्ये ४९१५२ ते ६५५३५, आणि मध्ये एनएटी गेटवे (खासगी पत्ता बदलून ट्रॅफिक बाहेर पाठवणारा) असेल तर १०२४ ते ६५५३५. बाहेर जाण्यासाठी फक्त ४४३ उघडून ठेवलेली एसीएल याच कारणाने साइट बंद पाडते. ओळखण्याची खूण सोपी आहे: फ्लो लॉगमध्ये (ट्रॅफिकच्या नोंदींमध्ये) येताना एक्सेप्ट आणि परतताना रिजेक्ट दिसला, तर दोष एसीएलचा. सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल असल्यामुळे तो उत्तराला असं अडवत नाही.

अ‍ॅझ्युअरमध्ये प्राधान्यक्रम १०० ते ४०९६, आणि लहान आकडा आधी. ग्रुप सबनेटला लावता येतो आणि नेटवर्क इंटरफेसलाही. दोन्ही ठिकाणी लावला असेल तर दोघांचीही परवानगी लागते. एका ठिकाणी पोर्ट उघडून दुसरं ठिकाण विसरणं रोज घडतं. इंटरफेसवरचे "इफेक्टिव्ह सिक्युरिटी रूल्स" उघडले की काही मिनिटांत उलगडा होतो.

अ‍ॅझ्युअरमधली आणखी एक चूक सावध माणसांकडूनच होते. नेटवर्क घट्ट करायचं म्हणून ४०९६ वर "सगळ्यांना नकार" लिहिला जातो. त्याच्या खाली अ‍ॅझ्युअरचे मूळ रूल असतात. ६५००० वर व्हर्च्युअल नेटवर्कला परवानगी, ६५००१ वर लोड बॅलन्सरला (सर्व्हरमध्ये काम वाटून देणाऱ्याला) परवानगी, ६५५०० वर नकार. वरच्या नकारामुळे लोड बॅलन्सरचीही परवानगी झाकली जाते, १६८.६३.१२९.१६ वरून येणारी आरोग्य तपासणी अडते, आणि ठणठणीत सर्व्हर "अनहेल्दी" दिसू लागतात. म्हणून असा नकार लिहिताना त्याच्या वर लोड बॅलन्सरच्या सर्व्हिस टॅगला (पत्त्यांच्या गटाच्या तयार नावाला) स्वतंत्र परवानगी द्या. नकार लिहिण्यामागचा विचार मात्र बरोबर आहे, कारण "व्हर्च्युअल नेटवर्क" या टॅगमध्ये फक्त तुमचं नेटवर्क नसतं. पीअरिंगने जोडलेली नेटवर्क आणि गेटवेमागचे तुमच्या डेटा सेंटरचे पत्तेही त्यात येतात. ६५००० चा रूल या सगळ्यांना आत घेतो.

गूगल क्लाउडमध्ये रूल संपूर्ण नेटवर्कचा असतो आणि लागू होतो प्रत्येक मशीनपाशी. टार्गेट दिलं नाही तर तो नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनना लागतो, आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. प्राधान्य ० ते ६५५३५ असतं, काही न लिहिल्यास १०००, आणि दोन रूलचं प्राधान्य सारखं असेल तर नकार जिंकतो. "डिफॉल्ट" नावाचं तयार नेटवर्क वापरत असाल तर त्यात ६५५३४ प्राधान्याचे एसएसएच आणि आरडीपी (दुरून मशीनमध्ये शिरण्याच्या वाटा) साऱ्या जगाला उघडे ठेवणारे रूल आधीपासून असतात. प्रॉडक्शनसाठी ते नेटवर्क वापरू नका. नेटवर्क टॅगवरही, म्हणजे रूल कोणत्या मशीनला लागायचा ते ठरवणाऱ्या खुणांवरही, फार विसंबू नका. मशीनमध्ये बदल करायचा अधिकार ज्याला आहे तो टॅगही लावू शकतो, म्हणजे स्वतःच्या मशीनसाठी वाट उघडू शकतो. सर्व्हिस अकाउंट (मशीनला दिलेली ओळख) किंवा आयएएमने (अधिकार देण्याच्या व्यवस्थेने) नियंत्रित सिक्युअर टॅग वापरले तर ही फट बुजते. लोड बॅलन्सरमागचे सर्व्हर आजारी दिसत असतील तर बहुतेक प्रकारच्या लोड बॅलन्सरसाठी ३५.१९१.०.०/१६ आणि १३०.२११.०.०/२२ या पत्त्यांच्या पट्ट्यांना परवानगी आहे का ते आधी बघा.

सोर्समध्ये चुकीचा पत्ता

एडब्ल्यूएसमध्ये सोर्स म्हणून दुसऱ्या सिक्युरिटी ग्रुपचं नाव देण्याची सोय उत्तम आहे, पण ती खासगी पत्त्यांवर चालते. अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचा सार्वजनिक पत्ता लिहिलेला असेल, तर येणारं पॅकेट सार्वजनिक सोर्स घेऊन येतं आणि ग्रुपचा रूल जुळत नाही. अशा वेळी लोक तो सार्वजनिक पत्ता रूलमध्ये टाकतात, आणि पत्ता बदलला की पुन्हा नवीन टाकतात. दुरुस्ती कॉन्फिगरेशनमध्ये करायची होती. खासगी नाव वापरलं असतं तर फायरवॉलला हात लावायची गरज नव्हती.

एसएसएचचा २२ आणि आरडीपीचा ३३८९ हे पोर्ट तर इंटरनेटवर ठेवायचं कारणच उरलेलं नाही. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर, अ‍ॅझ्युअर बॅस्टियन किंवा गूगलच्या आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सीतून आत जाता येतं. शेवटच्या पर्यायासाठी ३५.२३५.२४०.०/२० एवढीच पट्टी उघडावी लागते. आणि ०.०.०.०/० शोधून काढताना ::/० विसरू नका. आयपीव्ही६ चा रूल वेगळा असतो आणि तपासणीतून तोच निसटतो.

बाहेर जाणारा ट्रॅफिक मोकळा सोडणं

तिन्ही क्लाउडमध्ये बाहेर जाणारी वाट मुळात उघडी असते, आणि बहुतेक टीम तिच्याकडे वळूनही बघत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल (लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी) उघडकीला आलं तेव्हा या दुर्लक्षाची किंमत कळली. त्या हल्ल्याच्या नेहमीच्या प्रकारात बळी पडलेला सर्व्हर स्वतःच बाहेरच्या एलडॅप (डिरेक्टरी) सर्व्हरशी कनेक्शन करून घातक कोड आणत असे. ज्या सर्व्हरना बाहेर अनोळखी ठिकाणी जाता येत नव्हतं, त्यांच्यावर हा सरळसोट हल्ला तिथेच अडखळत होता.

बाहेरच्या सेवांचे आयपी सारखे बदलतात, त्यामुळे आयपीच्या याद्या करत बसू नका. डोमेनच्या नावाने गाळणारी फायरवॉल लावा आणि क्लाउडच्या स्वतःच्या स्टोरेजसाठी प्रायव्हेट एंडपॉइंट (इंटरनेटवर न जाता पोहोचण्याची खासगी वाट) वापरा. अ‍ॅझ्युअर फायरवॉलमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नेटवर्क रूल (पत्ता आणि पोर्टवर चालणारे) हे अ‍ॅप्लिकेशन रूलच्या (डोमेनवर चालणाऱ्या) आधी तपासले जातात. कुणी ४४३ ला सगळीकडे परवानगी देणारा नेटवर्क रूल टाकला, तर तुमची डोमेनची यादी कधी वाचलीच जात नाही. बाहेरून सगळं शिस्तीत दिसतं, प्रत्यक्षात काहीच गाळलं जात नसतं.

आणि काही ट्रॅफिक असा असतो, ज्याला रूल लागतच नाही. एडब्ल्यूएसमधल्या मेटाडेटा सेवेच्या (मशीनला तिची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या देणाऱ्या) १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्याला सिक्युरिटी ग्रुप अडवत नाही. कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात चुकीच्या पद्धतीने लावलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉलमधून हल्लेखोराने याच सेवेकडून तात्पुरत्या किल्ल्या मिळवल्या आणि सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. इथे उपाय म्हणजे मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती सक्तीची करणं आणि मशीनच्या रोलला मोजकेच अधिकार देणं.

कन्सोलमधून एक, कोडमधून दुसरं

"काल चालू होतं, आज बंद" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. कुणीतरी कन्सोलमधून (क्लाउडच्या वेबपानावरून) हाताने रूल टाकला आणि पुढच्या टेराफॉर्म अप्लायने, म्हणजे कोडमधली रचना क्लाउडवर लागू करताना, तो पुसला. एकाच सिक्युरिटी ग्रुपचे काही रूल ग्रुपच्या आत आणि काही स्वतंत्र रिसोर्स म्हणून लिहिले तर दोघं एकमेकांना पुसत राहतात. एकच पद्धत ठरवा. टेराफॉर्मने बनवलेल्या एडब्ल्यूएस ग्रुपमधून बाहेर जाण्याची मूळ परवानगी काढून टाकली जाते, हेही माहीत हवं. कन्सोलमधून बनवलेला ग्रुप चालतो आणि तसाच कोडमधला चालत नाही, त्याचं कारण हे.

तातडीच्या वेळी हाताने रूल टाकावा लागतो, आणि त्याला माझी हरकत नाही. पण वर्णनाच्या रकान्यात कुणासाठी, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलंच पाहिजे. "टेस्ट" किंवा "टेम्प" एवढंच लिहिलेला रूल वर्षभराने काढायची जबाबदारी कुणीच घेत नाही. एडब्ल्यूएसच्या एका सिक्युरिटी ग्रुपमध्ये प्रत्येक दिशेला मुळात ६० रूल बसतात. ही मर्यादा आली की घाईत वीस पत्त्यांऐवजी एक मोठी पट्टी उघडली जाते. प्रिफिक्स लिस्ट (पत्त्यांच्या पट्ट्यांची एका नावाखालची यादी) वापरून याद्या नीट ठेवता येतात, फक्त ती लिस्ट तिच्या कमाल नोंदींइतके रूल व्यापते, म्हणून कमाल आकडा बेताचा ठेवा.

रूल काढल्यावर लगेच निश्चिंत होणं

जुना रूल काढला, तासभर काही बिघडलं नाही, म्हणून तिकीट बंद करू नका. अ‍ॅझ्युअरमध्ये रूलमधला बदल नव्या कनेक्शनलाच लागू होतो, आणि एडब्ल्यूएसमध्ये ट्रॅक होत असलेली कनेक्शनं रूल काढल्यावरही चालू राहतात. डेटाबेसचा कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) जुन्याच कनेक्शनवर काम करत राहतो आणि पुढच्या डिप्लॉयला अचानक कोसळतो. तोवर रूल काढल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून रूल काढल्यानंतर ठरवून अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट करा आणि टीम जागेवर असतानाच परिणाम बघा. हल्लेखोर आत असेल तर हीच गोष्ट उलट्या बाजूने महत्त्वाची ठरते: नुसता सिक्युरिटी ग्रुपचा रूल काढून त्याचं चालू कनेक्शन तुटेलच असं नाही. एडब्ल्यूएसमध्ये अशा वेळी नेटवर्क एसीएलचा नकार वापरा, तो चालू ट्रॅफिकही तोडतो.

कोणता रूल वापरात नाही हे लॉगवरून ठरवा, पण लॉगच्या मर्यादा ओळखून. एडब्ल्यूएसचे फ्लो लॉग मुळात दहा मिनिटांपर्यंतच्या खिडकीने गोळा होतात, ही खिडकी एक मिनिटाची करता येते. अ‍ॅझ्युअरमध्ये नवे एनएसजी (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप) फ्लो लॉग ३० जून २०२५ नंतर बनवता येत नाहीत, व्हीनेट (व्हर्च्युअल नेटवर्क) फ्लो लॉगकडे वळावं लागतं. गूगल क्लाउडमध्ये लॉगिंग प्रत्येक रूलसाठी वेगळं चालू करायचं असतं आणि न दिसणाऱ्या मूळ नकाराचा लॉग मिळतच नाही. तो हवा असेल तर सर्वात खालच्या प्राधान्याचा स्वतःचा नकार लिहून त्यावर लॉगिंग लावा. दुसऱ्या रूलखाली झाकले गेलेले रूल तिथला फायरवॉल इनसाइट्स दाखवतो. मात्र पंधरवड्यात एकही हिट नाही म्हणून रूल निकामी ठरवू नका. महिनाअखेरचा हिशेब, तिमाही अहवाल आणि आपत्कालीन बॅकअपची वाट यांचे रूल एरवी महिनोन्‌महिने गप्प असतात, आणि तेवढा काळ लॉग जपून ठेवलेले नसतील तर ज्या टीमचा तो रूल आहे तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.