पंप काढण्याआधी टाकीपासून सुरुवात करा: जुन्या ४०७ ची डिझेल लाईन घरी कशी तपासायची

गाडी लागत नाही, घाटात ओढत नाही, धूर मारते. यातलं काहीही झालं की शेजारपाजारचे चार जण येऊन एकच सांगतात, "पंप गेला." पंप म्हणजे डिझेल दाबून नोझलकडे, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे, पाठवणारा इंजेक्शन पंप. मी नारायणगावजवळ राहतो, टोमॅटो-कांद्याच्या भाड्याला ४०७ चालवतो, आणि त्याआधी बरीच वर्षं पंप रूमला, म्हणजे हे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात, कामाला होतो. खोलायला येणाऱ्या पंपांत कितीतरी पंप चांगले असायचे. दोष टाकीत, जाळीत नाहीतर एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत असायचा. पण पंप एकदा उतरवला की सील तुटतं, किट बदलावं लागतं, टायमिंग (डिझेल सुटायची वेळ) पुन्हा बांधावं लागतं, आणि माल निघायच्या दिवसांत गाडी दारात उभी राहते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की पंपाला हात शेवटी लावा.

हे सगळं जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांसाठी आहे: ४०७, ७०९, १६१३ वगैरे. एका रांगेत उभे एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या प्लंजर-बॅरलच्या (दांडा आणि त्याची नळी) जोड्या, चार सिलेंडरला चार, सहाला सहा. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी आमच्याकडे तो मायकोचाच पंप. कॉमन रेल इंजिनाला, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच रेलमधून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनाला, यातलं काही करू नका. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, पाईप सैल करून मिसिंग (कुठला सिलेंडर काम करत नाही ते) शोधणं जिवावर बेततं. त्या गाडीला स्कॅनर लावणाऱ्याकडेच न्या.

इनलाइनलाही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नोझल साधारण २०० बारला उघडतं. त्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तळहातावर फवारा घेऊन "बघू किती जोर आहे" करू नका. डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजून काळा पडू शकतो. असं झालं तर घरी हळद लावून बसायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, की डिझेल प्रेशरने आत गेलंय.

आता कामाला लागू. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, गिअर न्यूट्रलला. सेल्फ मारा आणि सायलेन्सरकडे बघायला एकाला उभं करा. इंजिन जोरात फिरतंय पण नळीतून धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण मागे आली आहे का, हे सगळ्यात आधी बघा. केबल गंजून अर्ध्यात अडकली की पंपावरचा स्टॉप लिव्हर ओढलेलाच राहतो आणि माणूस दिवसभर एअर (लाईनमध्ये शिरलेली हवा) काढत बसतो. पांढरा धूर येतोय पण गाडी लागत नाही, तर डिझेल जातंय, जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल यांचा विचार करायचा.

लागते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते, किंवा रात्री उभी केली की सकाळी लागत नाही, हे एअर घेतल्याचं लक्षण. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. मोठ्या पंपावर बसवलेला छोटा फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे टाकी ते फीड पंप या भागात फट असेल तर बाहेर थेंब दिसेलच असं नाही, ती फट हवा आत ओढते. फीड पंपाच्या पुढे मात्र डिझेल ढकललं जातं, तिथली फट गळून दाखवते. म्हणजे बाहेर सगळं कोरडं असूनही लाईन हवा घेत असू शकते. कोरडी लाईन बघून समाधान मानू नका.

हे पकडायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप आणा, दोन मीटर पुरे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, कॅन फीड पंपाच्या वरच्या उंचीला सुरक्षित बांधा, पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब. टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून काढून ही पाईप क्लिप लावून बसवा. एअर काढा आणि गाडी चालवून बघा, जागेवरच. आता गाडी नीट चालली, रेसला खाली बसली नाही, तर पंप ठीक, आणि बहुधा फीड पंपही. दोष मागे आहे, टाकीत किंवा लाईनमध्ये. नाही चालली, तर पुढे शोधायचं. या एका तपासणीने अर्धी गाडी संशयातून सुटते.

दोष मागे निघाला तर टाकीतल्या सक्शन नळीच्या तोंडाची जाळी काढून बघा. शेवाळासारखा काळा चिकट थर बसलेला असतो, विशेषतः टाकी बरेच दिवस अर्धी राहिली असेल तर. रबरी नळी वाकवून बघा. सरळ असताना दिसत नाही ती बारीक चीर वाकवल्यावर उघडते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही तपासा. गाडी पंधरा-वीस किलोमीटर छान चालते, मग ओढायची बंद होते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक, असं होत असेल तर ती मरायला टेकेल तेव्हा झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली, की कारण सापडलं. माळशेज चढताना अशी दमलेली गाडी मी झाकण उघडून पुढे काढली आहे.

पाणी बघायचं तर फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि बाटली अर्धा तास हलवू नका. पाणी तळाला बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करा. एलिमेंटमध्ये प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि तिथे वंगण म्हणून डिझेलशिवाय काहीच नाही. पाणी गेलं की गंज, आणि गंज आला की एलिमेंट भंगारात. फिल्टरवर पैसे वाचवणारा माणूस शेवटी पंपावर घालवतो. दोन फिल्टर असतील तर दोन्ही बदला, आणि आतलं रबर नवीनच लावा.

एअर काढायची रीत बहुतेकांना येते, पण घाई करतात. फीड पंपावरच्या हँड प्रायमरची (हाताने डिझेल ढकलायच्या पंपाची) मूठ उलटी फिरवून सोडवा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) दोन आटे सैल करा आणि मूठ मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच, मूठ दाबलेली ठेवून स्क्रू आवळा. मूठ सोडून आवळलात तर थोडी हवा परत आत जाते. मग पंपाच्या गॅलरीवरच्या (पंपातली डिझेलची जागा) स्क्रूला हेच. शेवटी नोझलकडचे पाईपचे नट एकेक फेरा सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. डिझेल उसळायला लागलं की नट आवळायचे. सेल्फ सलग फार वेळ मारू नका, मध्ये थांबा, नाहीतर पंप ठीक आणि स्टार्टर जळालेला. प्रायमरची मूठ पुन्हा घट्ट बसवायला विसरू नका, ती सैल राहिली तरी हवा येते. आणि बँजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच घट्ट आवळून भागवू नका. नवीन मिळत नसतील तर जुना वॉशर लाल तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि परत बसतं.

मूठ मारून हात दुखला तरी धार येत नाही? मग फीड पंपाच्या इनलेट बोल्टमधली बारीक जाळी बघा, आणि आतले दोन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हखाली एखादा कण अडकला तरी पंप डिझेल धरत नाही. स्प्रिंग कुठली कुठे होती हे फोनमध्ये फोटो काढून ठेवा. फीड पंप घरी उघडायला हरकत नाही, ओट्यावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरून.

आता मिसिंग. गाडी लागते, पण एक सिलेंडर काम करत नाही, केबिन थरथरते. इंजिन स्लोवर ठेवा. १७ किंवा १९ चा पाना घ्या, नोझलकडचा एकेक नट अर्धा फेरा सैल करा, तोंड बाजूला, वर फडकं, डोळ्याला चष्मा. चालू सिलेंडरचा नट सैल केला की आवाज पडतो. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाला फरक पडत नाही, तोच सिलेंडर मेलेला. पण दोष नोझलचा की पंपाचा, हे इथे कळत नाही, आणि इथेच लोक घाईने पंप उतरवतात. त्या सिलेंडरचं नोझल काढून शेजारच्या चांगल्या सिलेंडरला लावा, त्याचं याला. खालचा वॉशर नवा, खाचेत कचरा नाही हे बघून. मिसिंग नोझलबरोबर शेजारी गेलं तर नोझल दुरुस्त करा, पंप सुटला. मिसिंग जागेवरच राहिलं, तर तिथलं कॉम्प्रेशन आणि टॅपेट आधी बघा. तेही ठीक असेल तरच त्या लाईनचं एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून नोझलकडे जाणाऱ्या वाटेवरचा व्हॉल्व्ह).

डिलिव्हरी व्हॉल्व्हची ढोबळ परीक्षा घरी होते. इंजिन बंद, पंपाकडचे पाईप सोडा, पाईप बसतात त्या होल्डरची तोंडं पुसून कोरडी करा आणि प्रायमर मारा. प्रायमरच्या जोराने तो व्हॉल्व्ह उघडायला नको. एखाद्या तोंडातून डिझेल सतत झिरपत असेल, तर त्याची सीट धरत नाही.

गार असताना एका सेल्फला लागणारी गाडी गरम झाल्यावर लागत नसेल, तर मात्र मला पंपाचीच शंका येते. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या एलिमेंटमधून मागे गळतं. इंजिन बंद ठेवून पंपावर गार पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, दहा मिनिटं थांबा. बादलीने पाणी ओतू नका. त्यानंतर पटकन लागली, तर एलिमेंट झिजलेत असं समजायला हरकत नाही. दुसरी खूण ऑईलची. डिपस्टिक काढा, वास घ्या. पातळी न भरता वाढली आणि वास डिझेलचा येतोय, तर पंपातून किंवा फीड पंपातून डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. अशी गाडी तशीच चालवू नका, बेअरिंग जातात.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर आणखी एक काम. ज्या पंपाला बाजूची खिडकी असते, तिची पट्टी काढा. आत स्प्रिंगांची रांग दिसते आणि वर रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी. स्टॉप लिव्हर हलवा, रॅक बोटाच्या जोराने सरकली पाहिजे, कुठेही न अडकता. इंजिन हाताने फिरवताना एखादी स्प्रिंग दबूनच राहिली, बाकीच्यांसारखी वर-खाली झाली नाही, तर तो प्लंजर जाम आहे. स्वच्छ डिझेल सोडून रात्रभर ठेवा, हळूच हलवून बघा. हातोडीने ठोकायचं नाही. इथपर्यंतच घरचं काम, याच्या आत जाऊ नका.

अडकलेल्या रॅकचा धोका वेगळाच आहे. रॅक पूर्ण डिझेलवर अडकली तर गाडी लागताच रेस धरते आणि स्टॉपने बंद होत नाही. म्हणून पंपाचं कुठलंही काम केल्यावर गाडी चालू करताना एक माणूस प्लायवूडचा जाड तुकडा घेऊन एअर इनटेकजवळ उभा करा, एअर फिल्टरची नळी काढून. रेस धरली की तोंड फळीने बंद, इंजिन गुदमरून मरतं. हात लावू नका, फडकं तर अजिबात नाही, ते आत ओढलं जातं. रस्त्यावर असं झालं तर टॉप गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा.

काळा धूर म्हणजे पंप, हाही गैरसमज. आधी एअर फिल्टर, मग नोझल, मग माल किती भरलाय. धूर असताना काही मिस्त्री उलट सल्ला देतात, की सील तोडून फुल लोडचा स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा) थोडा वाढवू, पिकअप येईल. नका करू. पिकअप दोन महिने वाटतं, मग पिस्टन आणि हेड मागतं. शिशाचं ते सील तुमच्या इंजिनाच्या आयुष्यासाठी आहे.

एवढं करूनही बोट पंपाकडेच जात असेल तर उतरवा, पण उतरवण्याआधी फ्लॅंजवर आणि कपलिंगवर (पंप इंजिनाला जोडला जातो त्या जागी) छिन्नीने एक रेघ मारा, म्हणजे पंप परत त्याच जागी बसतो. पाईपांच्या तोंडांना लगेच टोप्या लावा. पंप रूमला पंपाबरोबर सगळी नोझलही द्या आणि टेस्ट बेंचवर लावतील तेव्हा शेजारी उभे राहा. सगळ्या नळ्यांमध्ये तेलाची पातळी सारखी दिसली पाहिजे, स्लोवरही आणि फुल रेसलाही. जुने एलिमेंट परत मागून घ्या, नखाने ओरखडा लागतो का बघा. पंपाला स्वतःची ऑईलची टाकी असेल तर बसवल्यावर त्यात ऑईल भरा, मग एअर काढा, फळीवाला माणूस उभा करा, आणि सेल्फ मारा.