मागच्या ड्रमचे शू बदलताना हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी आवळा

मोटर मेकॅनिकचा आयटीआय करून गॅरेजला लागलात की पहिल्या वर्षात मागच्या ड्रमचं काम हाती येतंच. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल भांडं, आणि शू म्हणजे त्याला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या दोन वक्र पट्ट्या. ऑइल, फिल्टर जमायला लागले की उस्ताद म्हणतो, "जा, मागचे शू टाक." त्यामुळे हे हलकं काम आहे असा समज होतो. तो आधी डोक्यातून काढा. शूचं काम बिघडलं तर गॅरेजच्या सपाट फरशीवर काहीच कळत नाही. कळतं ते कुंभार्ली घाटात, चढावर गाडी लावून माणसं खाली उतरतात तेव्हा.

मी लिहितोय ते स्विफ्ट, वॅगनआर, आल्टोसारख्या मागे ड्रम असलेल्या गाड्यांबद्दल. यांत पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही त्याच दोन शूंवर चालतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना ठोकळे, मागे गाडीखाली घोडी (स्टँड), हँडब्रेक खाली. एवढं तुम्हाला येतं. ड्रम निघाल्यावर आतली धूळ मात्र कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात रुतून बसतं. ब्रेक क्लीनर मारा, ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा. शेजारचा हसला तर हसू द्या.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं ते. गिऱ्हाईक येतं, म्हणतं हँडब्रेक फार वर येतोय. लिव्हरपाशी केबलचा नट असतो. तो थोडा आवळला की लिव्हर कडक लागते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. हा शॉर्टकट कितीतरी ठिकाणी चालतो आणि मला तो मनापासून नापसंत आहे. आत काय होतं ते बघा. मागच्या शूवर एक चपटी पत्ती असते. केबल तिचं खालचं टोक ओढते. ती पत्ती आणि पुढचा शू यांच्यामध्ये आडवी दांडी, म्हणजे ॲडजस्टर. हँडब्रेक सोडलेला असताना ही पत्ती पूर्ण मागे जाऊन आपल्या थांब्याला टेकली पाहिजे. टेकली, तर लायनर झिजेल तसा ॲडजस्टर लांब होत जातो आणि शू ड्रमजवळ राहतात. केबल ओढून ठेवली तर पत्ती थांब्यापासून सुटलेलीच राहते. मग झीज भरून काढायचं काम केबलच करायला लागते आणि ॲडजस्टर जागचा हलत नाही. पायाचा ब्रेक खोल जायला लागतो, ड्रम तापतात, आणि गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन परत येतं.

नवे शू टाकताना हेच उलट बाजूने अंगावर येतं. लायनर जाड, केबल आधीच कोणीतरी आवळलेली, त्यामुळे ड्रम बसत नाही. मग ॲडजस्टर पार आत फिरवून ड्रम कसाबसा ठोकून बसवला जातो. हँडब्रेक लागतो, सगळ्यांना वाटतं काम झालं. झालेलं नसतं.

म्हणून क्रम पाठ करा. ड्रम काढायच्या आधीच केबलचा नट पूर्ण ढिला करा. कडेला धार धरलेला ड्रमही मग सोपा निघतो. शू बसले की पत्ती थांब्याला टेकलीय का ते दोन्ही चाकांत टॉर्च मारून बघा. अंदाजाने नाही, डोळ्याने. टेकत नसेल तर बहुधा केबल आत गंजलीय. कोकणातल्या गाड्यांत हे नेहमीचं. तेल सोडून वेळ काढू नका, केबल बदला. त्यानंतर ॲडजस्टर फिरवून जुळवा, ड्रम घाला, हाताने फिरवा. किंचित घासल्याचा आवाज यावा, पण अडकू नये. पायाचा ब्रेक पुष्कळदा दाबून शू मध्यावर येऊ द्या. आणि मग, सगळ्यात शेवटी, केबल आवळा. किती टक् आवाजांवर हँडब्रेक लागला पाहिजे हे गाडीगणिक वेगळं असतं, मॅन्युअल उघडा.

शूबरोबर स्प्रिंग आणि शू जागी धरणाऱ्या पिना, वाट्या यांचा सेट नवाच घाला. मालक म्हणेल जुन्या चालतील. ड्रममधल्या उष्णतेने स्प्रिंग नरम पडते, रंग निळसर होतो, आणि ती शूला वेळेवर मागे ओढत नाही. पीन पाठीमागून बोटाने धरायची, वाटी पक्कडीने दाबून पाव फेरा फिरवायची, सोडल्यावर पिनेचं चपटं डोकं वाटीच्या खाचेत आडवं बसलेलं दिसलं पाहिजे. पहिल्यांदा ती स्प्रिंग उडून गॅरेजच्या कोपऱ्यात जाईल. चष्मा लावा आणि शांतपणे शोधून आणा, सगळ्यांचीच उडते. बॅकप्लेटवर, म्हणजे शूंमागच्या पत्र्यावर, शू जिथे टेकतो त्या उंचवट्यांवर ब्रेकचं ग्रीस पातळ पुसा. लायनरला ग्रीसचं बोटही नको.

दोन्ही बाजू एकदम उघडू नका, एक जुळलेली राहू द्या म्हणजे बघायला नमुना राहतो. डाव्या-उजव्या ॲडजस्टरची अदलाबदल करू नका. ज्यांत आट्यांचा ॲडजस्टर असतो त्यांत आटे बहुधा उलटसुलट असतात. शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का तेही बघा. ओल असेल तर नवे शू चारच दिवसांत तेलकट होतील.

उस्तादाबद्दल एक सांगतो. जो हातातून पक्कड काढून स्वतः करून दाखवतो त्याच्याकडे काम लवकर उरकतं, पण हाताला वळण लागत नाही. जो शेजारी बसून गप्प राहतो, त्याच्याकडे टिका, पगार थोडा कमी असला तरी. पहिलं चाक करायला अर्धा दिवस लागला तर घाबरू नका. हात बसतो, आणि बसल्यावर विसरत नाही.

काही गाड्यांत मागे डिस्क असून तिच्या पोटात हँडब्रेकपुरता छोटा ड्रम असतो. तिथे शू झिजत नाहीत फारसे, गंजून लायनर सुटतो. ॲडजस्टरचं दातेरी चाक डिस्कच्या किंवा बॅकप्लेटच्या भोकातून पेचकसाने फिरवायचं. क्रम तोच.

गाडी देण्याआधी एक फेरी मारून या आणि दोन्ही मागच्या रिमजवळ हात न्या. एकच बाजू तापली असेल तर ती पुन्हा उघडायची, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. आणि पावसाळा असेल तर मालकाला सांगून ठेवा, गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाटीला लावून, गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावा, हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलसर हवेत शू ड्रमला चिकटतात आणि सुटताना लायनर सोलून निघतो.