पिकअपला मागं डबल चाकं: फट जॅकवर मोजू नका

"दादा, गिऱ्हाईक म्हणतंय पिकअपला मागनं डबल चाकं टाकून द्या. काम घेऊ का?"

आयटीआय करून सोलापुरात अक्कलकोट रोडला, हैदराबाद रोडला गॅरेजांत लागलेली पोरं मला हे विचारतात. डबल चाकं, म्हणजे जोडचाकं: मागच्या अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूला शेजारी शेजारी दोन टायर. फोनवर उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहितोय. नट-पाना, हब-ड्रम तुम्हाला येतं असं धरतो.

आधी कागद. आरसीवर कुठल्या अ‍ॅक्सलला किती टायर आणि कुठल्या मापाचे, हे नोंदलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या कामाच्या वेळी मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. आरटीओची लेखी मान्यता दाखवत नसतील तर गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, काम घेऊ नका. आणि चाकं वाढली म्हणून पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर माल, वाढत नाही, हे त्याला तोंडावर सांगा. 1,500 किलोची गाडी 1,500 किलोचीच राहते. स्प्रिंगचे पाटे तेच, ब्रेक तेच, चेसिस तीच.

मग अ‍ॅक्सल बघा. सेमी-फ्लोटिंग असेल तर चाकाचा सगळा भार अ‍ॅक्सल शाफ्टवर आणि एका बेअरिंगवर येतो. त्यावर बाहेर काढलेलं जोडचाक लावायचं नाही, विषय संपला. फुल-फ्लोटिंगमध्ये हब शाफ्टवर नाही, अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या नळीवर दोन बेअरिंगांवर फिरतो, तिथंच पुढचा विचार करायचा. परदेशी व्हिडिओ बघून उडी मारणारे इथंच फसतात. अमेरिकेत काही एक टनी पिकअप कारखान्यातूनच जोडचाकी येतात, त्यांचा अ‍ॅक्सल आणि हब त्यासाठीच केलेला असतो. आपल्याकडं टाटा 407 सारखी गाडीही तशीच जन्मते. आपली पिकअप तशी जन्मलेली नाही.

आता मी जिथं अडकलो ते. मी 23 वर्षांचा होतो. मार्केट यार्डातून कांदा भरणाऱ्या एका मालकाची गाडी होती. पिकअपच्या साध्या रिमा पाठीला पाठ लावल्या तर टायर एकमेकांना भिडतात, त्यासाठी खोल डिशची रिम लागते. ती महाग पडते म्हणून मी लेथवाल्याकडून मध्ये घालायला चकत्या कापून घेतल्या. दोन टायरांमधली फट मोजली, 18 मिमी भरली. बोट आरामात जात होतं. मी खूश.

पण गाडी जॅकवर होती. टायर हवेत लोंबत होते.

मार्चच्या शेवटी रात्री दोनला फोन आला. नळदुर्गच्या पुढं आतलं टायर फुटलं होतं आणि सगळा भार एकट्यावर आल्यानं थोड्या वेळात बाहेरचंही गेलं. मी पोचलो तेव्हा रबराचा वास अजून होता. आतल्या टायरची बाहेरची बाजू आरशासारखी घासून काळी झालेली, धागे उघडे. गाडीत 50 किलोच्या 52 गोण्या होत्या. ड्रायव्हरला काही झालं नाही, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. डबल चाकं आहेत म्हणून मालकानं जास्त भरलं, आणि ती चाकं मी लावली होती.

म्हणून हे दोनदा वाचा. टायर जमिनीला टेकतं तिथं दाबलं जातं आणि त्याच्या भिंती दोन्हीकडं फुगतात. आतल्या टायरची भिंत बाहेर येते, बाहेरच्याची आत येते, म्हणजे फट दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. वर बोट जातंय याला काही अर्थ नाही, घासणं खाली होतं. नंतर तशाच एका जोडीवर मी मोजलं: जॅकवर 18 मिमी, रिकामी गाडी जमिनीवर 13, पासिंगएवढा माल भरून 5. त्यात हवा कमी असली, वळणावर भिंत झुकली, की उरलेलं 5 पण जातं. प्रत्येक फेऱ्याला घासणं, घासण्यानं उष्णता, आणि वर आपलं सोलापूरचं ऊन.

मोजायचं कसं? रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. दोन टायरांच्या मध्ये, अगदी खाली, कणकेचा घट्ट गोळा बसवा. गाडी न हलवता माल भरा, मग गोळा अलगद काढून जाडी मोजा. ती तुमची खरी फट. नंतर आतल्या बाजूंना खडू फासून भरली गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवा. खडू पुसला गेला तर चाकं उतरवा. कमी पडलेली फट चकती वाढवून भरू नका. भार आणखी बाहेर जातो, बेअरिंग मरतं आणि नटाला स्टडचे आटे पुरत नाहीत. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या मापाला जोडचाकांच्या मध्यरेषांमधलं किमान अंतर दिलेलं असतं, तेवढं देणारी रिमच आणायची.

बाकीचं थोडक्यात. जोडीतले टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. व्यासात 6 मिमीपेक्षा जास्त फरक मी चालू देत नाही, मोठं टायर जास्त भार ओढतं. रिमा जिथं एकमेकींना टेकतात तिथं रंगाचा जाड थर नको, तो दबला की नट सैल पडतात. पहिल्या 50-100 किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा आवळा. आतल्या टायरला व्हॉल्व्हची लांब नळी द्या, नाहीतर त्याची हवा कोणी कधी बघत नाही.

उस्तादाबद्दल माझं मत पक्कं आहे. माझे पहिले उस्ताद हाताचे जादूगार होते, पण "डोळ्यानं कळतंय की" म्हणायचे. दुसरे गाडीखाली झोपायला लावून मला पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचायला लावायचे. पगार थोडा कमी मिळाला तरी या दुसऱ्या उस्तादांसारखे शोधा.

आणि घाबरू नका. त्या रात्रीनंतर दोन महिने मी नट आवळायला बसलो की हात थरथरायचा. मालकाला दोन टायर भरून दिले, हप्त्यानं. तरी त्यांनी पुढं क्लचचं काम माझ्याकडंच आणलं. चूक कबूल केलेल्या मिस्त्रीकडं लोक परत येतात, हे मी स्वतः अनुभवलंय.

मजुरी सांगताना भरल्या गाडीच्या तपासणीचा एक दिवस आधीच धरा. मी धरला नव्हता, म्हणूनच तो वाचवावासा वाटला.