पुठ्ठ्यातून एग बेट: शाळेच्या प्रदर्शनासाठी उठावाचा नकाशा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्काय बेटाच्या दक्षिणेला एग आहे. लांबी साधारण 9 किमी, रुंदी 5, वस्ती शंभराच्या आसपास. बेळगाव-खानापूरच्या मुलांना हे बेट परकं वाटायचं कारण नाही. आपल्या काळ्या दगडासारखाच तिथलाही बराचसा दगड लाव्हाचा, सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा.

किराणा दुकानातली पाच प्लायची खोकी आणा. एक थर साधारण 5 मिमी जाडीचा भरतो. पण आठ तुकडे एकावर एक दाबून मोजा, 40 मिमीच्या जवळपास यायला हवेत.

समोच्च रेषांचा नकाशा झेरॉक्सवर मोठा करताना टक्केवारीवर विसंबू नका. नकाशावरच्या प्रमाणपट्टीचा 1 किमी पट्टीने मोजून बरोबर 4 सेंमी आला पाहिजे, म्हणजे प्रमाण 1:25,000. बेट 36 सेंमी लांब होतं आणि ए-3 कागदात बसतं. याच प्रमाणात उंची धरली तर 393 मीटरचं सर्वोच्च टोक जेमतेम 16 मिमी भरेल, लांबून सपाट भाकरीच दिसेल. म्हणून दर 50 मीटरला एक थर घ्या. उठाव अडीच पट होतो. हे पाटीवर लिहायचंच. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

किनाऱ्याची रेषा, मग 50, 100 असं करत 350 पर्यंत, एकूण आठ तुकडे. प्रत्येक तुकड्यावर कार्बन पेपरने दोन रेषा उतरवा: कापायची, आणि वरचा तुकडा जिथे बसणार ती. ही दुसरी रेषा राहिली की डोंगर हमखास सरकतो. पुठ्ठ्याच्या नळ्या एका थरात उभ्या, पुढच्यात आडव्या ठेवा, नाहीतर बेट पन्हळीसारखं वाकतं. फेविकॉल पाणी न घालता, पातळ हाताने लावा. वर वह्यांचं वजन ठेवून रात्रभर सुकू द्या. जून ते ऑगस्टमध्ये दोन रात्री द्या.

पायऱ्या बुजवायला कागदाचा लगदा घ्या: रद्दी रात्रभर भिजवून, घट्ट पिळून, त्यात फेविकॉल. शाडू नको. पुठ्ठ्यावर ती वाळताना आकसते आणि भेगा पडतात.

सगळीकडे लगदा लावत सुटलात तर एगचा एगपणाच गेला. दक्षिणेला अन स्गूर नावाचा कडा आहे. सगळे त्याचा शंकू करतात, तो आहे लांबट कणा, पूर्वेकडे सरळ तुटलेला. तिथे लगद्याचा कणही नको. एकेकाळी त्या जागी दरी होती. काचेसारख्या पिचस्टोनच्या लाव्हाने ती भरली, पुढे बाजूचा मऊ बेसाल्ट झिजून गेला आणि दरीतला भराव डोंगर होऊन वर राहिला. आपल्याकडे काळ्या दगडावर जांभ्याची टोपी दिसते, तिची घडण मात्र वेगळी: खालचाच दगड कुजून जांभा होतो. कड्याचा दगड उभ्या खांबांसारखा दिसतो, त्यासाठी ओल्या गडद रंगावरून जुनी फणी वरून खाली ओढा.

उत्तरेकडचं पठारही कड्यांनी संपतं. त्यांच्या पायथ्याशी, पश्चिमेला क्लीडेलची शेतं. तिथे हिरवा रंग द्या. जवळच कॅमस स्गिओटेगचा किनारा आहे, तिथली कोरडी वाळू पायाखाली कुईकुई करते. गारगोटीचे कण एकमेकांवर घासतात म्हणून.

इतिहासाच्या टाचण्या पाचच लावा, जास्त झाल्या की नकाशा साळिंदर होतो. पूर्व किनाऱ्यावर किल्डोनन: 617 मध्ये संत डोनन आणि त्यांचे साथीदार इथे मारले गेले. दक्षिण किनाऱ्यावर हत्याकांडाची गुहा: मॅकलाउड कुळाच्या लोकांनी तोंडाशी जाळ करून आत लपलेले मॅकडोनल्ड कुळाचे लोक गुदमरवून मारले. परंपरा 1577 साल आणि 395 माणसं सांगते, म्हणून चिठ्ठीवर ‘परंपरेनुसार’ लिहा. स्गूरच्या पायथ्याला ग्रुलिन: मेंढ्यांसाठी 1853 मध्ये गाव उठवलं. आग्नेयेला गाल्मिसडेलच्या धक्क्याशी 12 जून 1997: रहिवाशांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ट्रस्टने जमीनदाराकडून बेट विकत घेतलं. पाचवी टाचणी विजेची, 2008: पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था, घरामागे एका वेळी 5 किलोवॉटची मर्यादा.

समुद्राचा निळा रंग बेट चिकटवण्याआधीच तळफळीवर देऊन टाका.