परदेशी खाद्यपदार्थांचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा : ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांसाठी

परदेशातून परतून घोडबंदर रस्त्यावर, खारघरमध्ये किंवा सीवूड्समध्ये बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबांना सुरुवातीच्या महिन्यांत खटकतो तो किराणा मालाचा खर्च. तिकडे रोजच्या जेवणात सहज असणारे चीज, ऑलिव्ह तेल, पास्ता, न्याहारीची सीरियल किंवा डार्क चॉकलेट येथे चैनीच्या दरात मिळते. मुलांचा जन्म तिकडचा असेल तर त्यांना आवडीचे खाणे नाकारताना आईवडिलांचा जीव खालीवर होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांत बदलीवर आलेल्या परदेशी सहकाऱ्यांची अडचण याहून मोठी असते, कारण पर्यायी स्थानिक वस्तू कोणती आणि ती कोठे मिळते, हे त्यांना सांगणारे कोणी नसते. माझे मत असे की या खर्चाचा मोठा भाग चवीसाठी होत नाही. तो ओळखीच्या डब्यासाठी आणि लेबलासाठी होतो. म्हणून सगळे बंद करणे किंवा सगळे तसेच चालू ठेवणे, या दोन्हींऐवजी वस्तूंची नीट वर्गवारी करावी.

त्याआधी किंमत कशी चढते हे समजून घेणे उपयोगाचे आहे. समजा, एखादी वस्तू विमा आणि वाहतुकीसह ₹१,००० मूल्याने बंदरात उतरली आणि तिच्यावर मूळ आयात शुल्क ३० टक्के आहे. त्या ₹३०० वर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी ₹३० लागतात. या ₹१,३३० वर ५ टक्के जीएसटी धरला तर रक्कम ₹१,३९६.५० होते. यानंतर आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा नफा, शीतगृहाचे भाडे आणि मुदत संपून फेकाव्या लागणाऱ्या मालाचा बोजा त्यावर चढतो. न्हावा शेवा बंदर नवी मुंबईच्या अगदी शेजारी, उरण तालुक्यात असले, तरी या जवळिकीचा लाभ ग्राहकाला फारसा मिळत नाही, कारण किमतीचा मोठा वाटा करात आणि साखळीत आहे. शेवटच्या काही किलोमीटरच्या वाहतुकीत नाही.

करांत बदल होत असतात आणि ते लक्षात ठेवणाऱ्याचे पैसे वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीज, लोणी आणि पास्ता यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. चॉकलेट आणि कॉर्नफ्लेक्स यांवरील १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या देशांबरोबरचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ रोजी लागू झाला असून त्यात स्विस चॉकलेटवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याची तरतूद आहे. दुग्धजन्य पदार्थ मात्र त्या कराराबाहेर ठेवले आहेत, त्यामुळे त्या कराराच्या भरवशावर तिकडचे चीज स्वस्त होण्याची वाट पाहू नये. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारामुळे तेथील मेंढीच्या मांसावरचे ३० टक्के शुल्क २९ डिसेंबर २०२२ पासून रद्द झाले आहे.

आता वर्गवारी. एका महिन्याच्या सर्व पावत्या समोर ठेवाव्यात आणि प्रत्येक परदेशी वस्तूपुढे एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू डोळे मिटून खाल्ली तर फरक कळेल का? शिजवण्यात, भाजण्यात किंवा मसाल्यात जिची चव विरघळून जाते, ती वस्तू परदेशी असण्याचे कारण उरत नाही. जी तशीच, कच्ची किंवा वरून घालून खाल्ली जाते, तिच्यासाठी पैसे मोजणे योग्य आहे. सॅलडवर घालायचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल घ्यावे. फोडणीला आणि तळणीला मात्र घाण्याचे शेंगदाणा तेल वापरावे.

पर्यायांच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्वयंपाकघर जितके समृद्ध आहे, तितकी आपल्याला त्याची जाणीव नसते. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आणि आपला बन्सी रवा हा त्याच जातीच्या गव्हाचा आहे. घरी पास्ता करणाऱ्यांनी हा रवा कोमट पाण्यात घट्ट मळून तासभर झाकून ठेवावा. विकत घेणाऱ्यांनी भारतीय पाकिटावरील घटकांच्या यादीत ड्युरम गव्हाचा रवा लिहिला आहे ना, एवढे पाहावे. नुसता मैदा असेल तर तो पास्ता उकळताना गिळगिळीत होतो. ग्रीक योगर्ट म्हणून जे छोट्या डब्यांत विकले जाते, त्याचे काम आपला चक्का करतो : दही पंच्यात बांधून चार-पाच तास टांगले की झाले. तोच चक्का रात्रभर टांगून, किंचित मीठ घालून फेटला तर पावावर क्रीम चीजच्या जागी सहज चालतो. पॅनकेकवर मेपल सिरपऐवजी काकवी घालून पाहावी; चव वेगळी आहे, पण मुले ती आनंदाने खातात, आणि गडद मोलॅसिस लागणाऱ्या केकमध्ये तर ती अगदी शोभते. सब्जाचे बी ज्या झाडाचे असते ते गोड बेझिलच्याच प्रजातीचे आहे, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंडीत सब्जा पेरला की पास्त्यावर आणि पिझ्झावर घालायला ताजी पाने मिळतात, जरी त्यांचा गंध इटालियन वाणापेक्षा थोडा उग्र असला.

जपानी किंवा कोरियन कुटुंबांना चिकट, आखूड दाण्याचा तांदूळ लागतो आणि आयात केलेली छोटी पिशवी अतिशय महाग पडते. त्यांना मावळातील इंद्रायणी तांदूळ जरूर सुचवावा. तो हुबेहूब तसा नाही, त्याला स्वतःचा सुगंध आहे. पण नवा तांदूळ थोडे कमी पाणी घालून शिजवला तर चॉपस्टिक्सने उचलता येईल इतका तो एकजीव होतो. गोठवलेल्या सामन माशाऐवजी रावस घ्यावा. काही दुकानांत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, तरी हे मासे वेगळे आहेत आणि रावसात सामनइतकी चरबी नसते, म्हणून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तो कमी वेळ ठेवावा.

चीजमध्ये निवड सर्वांत अवघड आहे. मोझरेला, चेडर आणि गौडा या प्रकारांत भारतीय माल आता पुरेसा चांगला मिळतो आणि पिझ्झा, सँडविच, व्हाइट सॉस यांसाठी परदेशी चीज घेणे मला उधळपट्टी वाटते. वर्षभराहून अधिक काळ मुरवलेले पार्मेझान किंवा निळ्या बुरशीचे चीज यांना मात्र तोड नाही. तेथे पैसे खर्च करावेत, पण थोडेच घ्यावे. किसून विकलेले चीज टाळून सलग तुकडा घ्यावा, तो बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवावा, आणि जास्त असेल तर किसून फ्रीजरमध्ये टाकावा.

फळे आणि भाज्यांसाठी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीसारखी जागा जवळ असणे हे आपले भाग्य आहे. ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस या भाज्या आता पुणे आणि नाशिक परिसरातही पिकतात. त्या मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या ताटलीत महाग मिळतात म्हणून परदेशी ठरत नाहीत. बाजार घाऊक आहे, फळे पेटीने घ्यावी लागतात आणि गर्दी पहाटेची असते, म्हणून सोसायटीतील चार-पाच घरांनी मिळून एक पेटी वाटून घेणे सोयीचे पडते. ठाणेकरांना जांभळी नाक्याच्या बाजारात सुका मेवा आणि मसाले यांचे दर ताडून पाहता येतात. सफरचंदाच्या बाबतीत हंगाम पाळावा : ऑगस्टपासून हिमाचल आणि काश्मीरचा माल येतो आणि शीतगृहातला साठा पुढे काही महिने पुरतो, तेव्हा त्या काळात परदेशी सफरचंदासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. सरकारी निर्णयाचा परिणाम या फळावर किती थेट होतो याचे एक उदाहरण म्हणजे अमेरिकन सफरचंद. त्यावर ५० टक्के शुल्काखेरीज २०१९ मध्ये आणखी २० टक्के शुल्क लावले गेले आणि ते २०२३ मध्ये मागे घेतले गेले. अॅव्होकॅडोही कूर्ग, वायनाड आणि पळणी टेकड्यांतून येतो. तो आकाराने मोठा आणि चवीला सौम्य असतो, पण लिंबू, मीठ आणि मिरची घातल्यावर उत्तम लागतो.

तिकडच्या नातेवाइकांनी कुरियरने खाऊ पाठवावा, ही कल्पना पूर्वी परवडत असे. डिसेंबर २०१९ मध्ये भेटवस्तूंच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी काढून घेण्यात आली. सवलत राहिली ती राखी आणि जीवरक्षक औषधे यांनाच. त्यामुळे येणाऱ्या माणसाच्या सामानातून आणणे हाच मार्ग बरा, आणि त्यातही जागा द्यावी ती हलक्या, महाग आणि टिकाऊ वस्तूंना : केशरासारखे मसाले, व्हॅनिलाच्या शेंगा, बेकिंगचे यीस्ट, डार्क चॉकलेट. ताजी फळे, बियाणे आणि रोपे यांना वनस्पती संसर्गरोधाचे नियम लागू असतात, ती आणू नयेत. मद्य प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्काविना आणता येते.

मद्याबद्दल थोडक्यात. ते जीएसटीच्या बाहेर असून त्यावर केंद्राचे आयात शुल्क आणि राज्याचे उत्पादन शुल्क लागते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तरीही बाटली स्वस्त म्हणता येत नाही. वाइनच्या शौकिनांनी नाशिक आणि अकलूज येथील वाइन चाखून पाहावी. राज्यात मद्यपानासाठी परवाना लागतो, हे नव्याने आलेल्या परदेशी सहकाऱ्याला आवर्जून सांगावे.

शेवटी लेबल, आणि हा भाग घाईने वाचू नये. कायद्यानुसार आयात खाद्यपदार्थ बंदरातून सुटताना त्याची ६० टक्के मुदत किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. म्हणजे दोन वर्षे टिकणारी वस्तू अवघे तीन महिने शिल्लक असतानाही कायदेशीरपणे देशात येऊ शकते. म्हणून किंमत पाहण्याआधी मुदतीची तारीख पाहावी. मुदत जवळ आल्यामुळे निम्म्या दराने लावलेली वस्तू वाईट नसते. ती त्याच आठवड्यात खाऊन संपणार असेल तर बिनदिक्कत घ्यावी, मात्र ऑलिव्ह तेल आणि सुका मेवा याला अपवाद करावा, कारण आपल्या दमट उन्हाळ्यात ते लवकर खवट होतात. याच कारणाने तेलाचा पाच लिटरचा डबा स्वस्त दिसला तरी अर्ध्या लिटरची गडद काचेची बाटली घ्यावी. पाकिटावर आयातदाराचे नाव आणि पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत असलीच पाहिजे. ती स्टिकरवर असली तरी चालते. एका स्टिकरवर दुसरा चिकटवून किंमत किंवा तारीख झाकलेली दिसली, तर ती वस्तू घेऊ नये, तिचा फोटो काढावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पावती असेल तर तक्रारीला आधार मिळतो, म्हणून याच दुकानातून आधी काही घेतले असेल तर ती पावती जपून ठेवावी.