सावलीच्या कोपऱ्यात कुंडीतली वेल

बागेच्या ज्या कोपऱ्यात ऊन येत नाही, तिथे वेल लावण्याआधी सावली किती दाट आहे हे पाहून घ्यावे. भर दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्या फूटभर वर हात धरावा. कागदावर पडलेल्या सावलीच्या कडा पुसट असल्या तरी हात ओळखू येत असेल, तर सावलीत वाढणाऱ्या बहुतेक वेली तिथे रमतात. हाताची सावली जवळजवळ दिसतच नसेल, तर मनीप्लांटसारखी चिवट वेलही नुसती तग धरते, वाढत नाही.

सावलीत फुलांचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोगनवेल किंवा गोकर्ण अशा जागी लावली, तर लांबट, अशक्त फांद्यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, नागवेल किंवा मिरी निवडावी, कारण या वेली मुळातच रानातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत, त्यांच्या खोडाला धरून वर चढणाऱ्या आहेत. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या जातींना मात्र थोडा जास्त उजेड लागतो. दाट सावलीत नवी पाने हिरवीच येऊ लागतात.

लागवड छाटापासून, म्हणजे कापलेल्या फांदीच्या तुकड्यापासून करणे सर्वांत सोपे. वेलीच्या पेराशी, म्हणजे पान जिथून फुटते त्या सांध्याशी निरखून पाहिले, तर बारीक तपकिरी उंचवटा किंवा आखूड मूळ दिसते. त्या पेराच्या थोडे खाली कापावे आणि ते पेर मातीत जाईल असे लावावे. एका कुंडीत तीन-चार छाट लावले की वेल भरगच्च दिसते. मिरीच्या बाबतीत एक काळजी घ्यावी: तिची बाजूला वाढणारी, फळे धरणारी फांदी लावली, तर वेल न होता झुडूप तयार होते. चढणारी वेल हवी असेल, तर वर चढणाऱ्या किंवा जमिनीवर सरपटणाऱ्या फांदीचाच छाट घ्यावा.

कुंडी १० ते १२ इंचांची पुरते. फार मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते, आणि सावलीत तोच खरा धोका असतो. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे असे मोकळे मिश्रण करावे. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरे; तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते.

आधाराचा खांब छाट लावण्याआधीच कुंडीत पक्का बसवावा, कारण नंतर खुपसल्यास मुळे तुटतात. खांबावर काथ्या घट्ट गुंडाळून तो अधूनमधून पाण्याने भिजवत राहावे, म्हणजे पेरांवरची मुळे त्यात शिरून धरतात. तोवर वेल सुतळीने सैलसर बांधावी. हे कष्ट वाया जात नाहीत. तोच मनीप्लांट खाली लोंबता ठेवला तर पाने लहान होत जातात, आणि ओल्या खांबाला धरून चढू लागला तर प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा मोठे येऊ शकते.

सावलीतल्या वेली अंधारापेक्षा जास्त पाण्याने मरतात. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे, मग ते चार दिवसांनी असो की बारा. माती ओली असूनही वेल मलूल दिसत असेल, तर ती तहानलेली नसून तिची मुळे कुजू लागलेली असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे तिचा जीव घेणे होय. कुंडीतून काढून काळी, मऊ मुळे छाटावीत आणि वेल नव्या मातीत लावावी.

खत वाढीच्या दिवसांतच आणि बेताने द्यावे. पाने ओल्या फडक्याने पुसावीत, म्हणजे उजेडही मिळतो आणि पानामागचा पिठ्या ढेकूण (कापसासारखी दिसणारी पांढरी कीड) वेळीच दिसतो. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा आणि सिंगोनियम चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी.

वेल खांबाच्या टोकाला पोहोचली आणि बुंध्याशी उघडी पडू लागली, की शेंडा दोन-तीन पेरांसह कापून त्याच कुंडीत बुंध्याजवळ लावावा.